शिनोलीपर्यंतच

नीलमनं चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली की प्रयागबाई कपबशी विसळता विसळता विचारायची, "आली का गं वळायला?"

शिनोलीत ती गाडी आता पोरासोरांना ठाऊक झाली होती. एका शाळेची जुनी व्हॅन, आतली बाकडी काढून पलंग बसवलेला, पलंगाखाली पाण्याची टाकी, मागं गॅसची शेगडी, टपावर सोलर. आणि आत एकटी बाई. ती घोडेगावकडून यायची, चहा घ्यायची, भीमाशंकरच्या रस्त्याकडं बघत बसायची आणि गाडी वळवून आल्या वाटेनं परत जायची.

"पुढं काय बिबट्या बसलाय व्हय?" प्रयागबाईनं एकदा विचारलं.

"बिबट्या परवडला असता, मावशी. पुढं माझी आई आडवी बसलीय."

प्रयागबाईला ते कळलं नाही. कळावं तरी कसं? बिचारीनं आणखी अर्धा कप चहा ओतला.

नीलम नारायणगावची. वडिलांच्या, दलीचंदशेठच्या, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाढली. लग्न करून पुण्याला गेली, नोकरी केली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून रीतसर वेगळी झाली, आणि गाठीला होतं तेवढ्यात ही व्हॅन घेतली. जुन्नरच्या चांदमिस्त्रीनं तिला त्यात घर करून दिलं. तेव्हापासून कोकण झालं, कर्नाटक झालं, थेट खालपर्यंत जाऊन आली. एकट्या बाईनं गाडी कुठं लावायची याचे तिचे स्वतःचे कायदे होते. उसाच्या कडेला नको, दारूच्या दुकानाजवळ नको, आणि जिथं बायका बिनघोर पाणी भरताना दिसतात ती जागा चांगली. बाहेर एवढं सांभाळणारी ही बाई फसली कुठं, तर स्वतःच्या घरी!

आखाडात टाकी गळायला लागली म्हणून ती दोन दिवसांसाठी नारायणगावला आली. टाकी दुरुस्त झाली. मोहिनी नावाची हिच्यासारखीच एक गाडीवाली नाशकात थांबली होती, दोघी मिळून हिमाचलला जाणार होत्या. निघायच्या सकाळी आई, कस्तुरबाई, म्हणाली, "मांगलिक ऐकून निघ. लांब चाललीस."

प्रवासाला निघताना साध्वींच्या तोंडून मंगलपाठ, मांगलिक, ऐकायचं, हे या घरात पोटात असल्यापासूनचं. नीलम जैन स्थानकात गेली. नुकताच चातुर्मास बसलेला, स्थानक बायकांनी भरलेलं, पुढं पाटावर साध्वी, महासतीजी. बायका एकेक करून नियम घेत होत्या. कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी रात्रीचं पाणी. नीलम मागं हात जोडून आपल्या मांगलिकाची वाट बघत उभी होती. तेवढ्यात कस्तुरबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नीलमला दिशांची मर्यादा द्या, महाराज. चार महिने. उत्तरेला डिंगोरं, पश्चिमेला शिनोली, बाकीच्या अंगांनीबी तेवढंच. त्याच्या पलीकडं न्हाई."

सगळं स्थानक मागं वळलं. महासतीजींनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमची इच्छा आहे?" आता एवढ्या बायकांसमोर, स्वतःच्या आईचं तोंड पाडून, नाही कसं म्हणायचं? आणि हात तर जोडलेलेच होते. ते मांगलिकासाठी जोडलेले, पण ते कुणाला सांगणार? तिनं मान हलवली. पच्चक्खाण, म्हणजे व्रताची शपथ, दिलं गेलं. ज्या स्वतः आठ महिने मुलुखभर पायी हिंडतात, त्यांच्या तोंडून हिंडणारी बाई चार महिन्यांसाठी बांधली गेली. घ्या!

घरी येऊन तिनं आदळआपट केली. कस्तुरबाई गहू निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. धाकटा भाऊ जिनेश हसत म्हणाला, "अगं जा की खुशाल. महासतीजी काय टोलनाक्यावर बसल्यात?"

पण नीलमचं डोकंच वेगळं. नियम मोडला असता तर आई गावभर काहीच बोलली नसती, फक्त गप्प राहिली असती, आणि ते गप्प राहणं हिला सहन झालं नसतं. शिवाय आयुष्यात एक मोडलं होतंच. आता आपल्या शब्दाला कुणी नावं ठेवायची नाहीत, या हट्टानं ती अडून बसली. मोहिनी आठवडाभर थांबली आणि एकटीच पुढं गेली. तिचे बर्फातले फोटो यायचे, नीलम ते बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

घरात झोपायचं तिनं साफ नाकारलं. दुकानामागच्या आवारात, बारदानांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या मध्ये गाडी लावून ती गाडीतच राहिली. आईशी कामापुरतं बोलायची. चीड अनावर झाली की गाडी काढायची. कधी डिंगोऱ्याला शेवटच्या घरापर्यंत, कधी शिनोलीला. दाव्याला बांधलेलं जनावर जसं दावं ताणून बघतं तसं. जो पलंग तिला कधी अपुरा वाटला नव्हता, त्यावर आता जीव घुसमटायचा. दार उघडं ठेवलं तरी घुसमटायचा. हात लांब केला तर दोन्हीकडं पत्रा लागायचा. आपण घर घेतलं की स्वतःसाठी पिंजरा करून घेतला, असं तिच्या मनात यायला लागलं, आणि याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

कार्तिकी पुनवेला चातुर्मास उठला. दुसऱ्या दिवशी पहाटेच नीलमनं गॅस तपासला, टाकी भरली. आधी शिनोलीच्या पलीकडं, मग कुठंही, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. वडिलांच्या पाया पडली. गाडीपाशी येते तर पुढच्या सीटवर कस्तुरबाई बसलेल्या. नवं लुगडं, मांडीवर पिशवी.

"शिनोलीपर्यंत येते," त्या म्हणाल्या.

नीलमला नको म्हणवेना. कस्तुरबाईंना गाडी लागते, हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून तर त्या कुणाच्या लग्नाकार्याला बाहेरगावी गेल्या नाहीत, नीलमच्या पुण्याच्या घरीही कधी आल्या नाहीत. नीलमनं प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्या हाताशी ठेवली. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. कस्तुरबाई काच खाली करून बघत होत्या. मध्येच उठून मागं गेल्या, पलंगावर बसून बघितलं, शेगडीचं बटण फिरवून बघितलं.

"तुला मळमळत नाही?"

"मला कधीच गाडी लागली न्हाई गं."

नीलमनं गाडीचा वेग कमी केला.

"लग्न होऊन आले तवा माहेरी जायला लई रडायचे. राजस्थान काय जवळ व्हतं? सासूबाईंनी स्थानकात नेलं आणि मर्यादा देवविली. जन्मभराची. डिंगोरं, शिनोली, तेवढंच. एकदा हात जोडले की मोडायचं न्हाई एवढंच मला ठाऊक. माझी आई गेली तवाबी गेले न्हाई. बाहेर सांगायला बरं, गाडी लागते म्हणायचं."

नीलम संतापून उसळली. "आणि तेच तू मला दिलंस? स्वतः एवढं सोसून?"

"तू कुठं कुठं फिरतीस, मला तिथं येता येत न्हाई," कस्तुरबाई म्हणाल्या. "म्हटलं, चार महिने तरी मला येता येईल एवढ्यात फिर. मला नेशील."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज जिन्यात येऊन उभी राहायचे. तू म्हणशील, चल."

चार महिने ती या रस्त्यावरून एकटी गेली होती, शेजारची सीट रिकामी ठेवून. शिनोली आली. टपरीपाशी कस्तुरबाई उतरल्या.

"मी वळवते गाडी," नीलम म्हणाली. "डिंगोऱ्याला जाऊ. तू म्हणशील तिथं. मी नंतर जाईन."

"न्हाई." कस्तुरबाईंनी बाहेरून दार लावलं. "आज थांबलीस तर मी सासूबाई झाले. मी जीपनं जाते घरी. जा तू."

नीलम दारावरची त्यांची बोटं धरून बसली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि एसटीच्या कंडक्टरसारख्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. नीलमनं गिअर टाकला. डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं धड दिसत नव्हतं, आणि ज्या हद्दीपाशी तिनं चार महिने दात-ओठ खाल्ले होते ती कधी ओलांडली गेली, तिला कळलंसुद्धा नाही.