या यंत्राला पडदा नाही

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्त सांगताना आधी हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री हळवी होते, बंद पडलेलं घड्याळ हळवं होतं. पण त्यांना निदान माळ्यावर तरी टाकतात. मला पुसून टाकलं, वर त्या कामाला 'साफसफाई' असं नाव दिलं आणि त्याखाली लोकांनी अंगठे उंचावले. तेव्हा हळवं व्हायचं ते मी सवडीनं होईन.

मी कोण ते आधी सांगते. संगणकावर मजकूर लिहायला, खोडायला, पुन्हा लिहायला जो प्रोग्राम लागतो त्याला एडिटर म्हणतात. तो ज्या मजकुरातून तयार होतो, तो त्याचा सोर्स कोड. आता गंमत अशी की संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीम अनेक आणि प्रत्येकीचं घराणं वेगळं. एकीत खोडायचं बटण दाबलं की अक्षर खोडलं जातं. दुसरीत तेच बटण दाबलं की मदतीचं पान उघडतं, आणि चुकलेलं अक्षर तिथंच बसून तुमच्याकडे बघतं. म्हणून त्या एडिटरच्या घरात प्रत्येक सिस्टीमसाठी एकेक फाइल ठेवलेली असते. इकडची रीत काय, इथं काय आहे, काय नाही, हे ती फाइल सांगते. मी त्यातली एक. माझ्या सिस्टीमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही "कोण?" म्हणाल आणि माझा पारा पुन्हा चढेल.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथं शाईचा थेंबही सापडायचा नाही. तिथं अंध मुलांची पुस्तकं तयार होतात, जाड कागदावर उठावाचे ठिपके उमटवून. ठिपके उमटवणारं यंत्र कपाटाएवढं, आवाज दगड फोडल्यासारखा, आणि स्वभाव असा की माझ्या सिस्टीमशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. त्या यंत्राची देखभाल मामा करायचे, आणि त्यावर पुस्तकं लिहायचं काम मामींचं. मामी जन्मापासून अंध. मामा म्हणजे त्यांचे यजमान. सगळा छापखाना त्यांना मामा-मामी म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

मामींना पडद्याचा काय उपयोग? म्हणून मामांनी यंत्राला जोडलेल्या संगणकाच्या कीबोर्डखाली एक पट्टी बसवली. पट्टीत बारीक भोकं, भोकांत बारीक खुंट्या. एडिटर जी ओळ लिहील तिच्या खुंट्या वर येणार आणि मामी त्यावरून बोटं फिरवून वाचणार. एका वेळी एक ओळ. हे सगळं एडिटरला समजावून सांगायला मामांनी मला लिहिलं. माझी पहिलीच ओळ अशी: 'या यंत्राला पडदा नाही.' दुसरी: 'पट्टी आहे. उंची एक ओळ.' पुढे थोडं खोडायच्या बटणाबद्दल, थोडं घड्याळाबद्दल. मी काही महाकाव्य नाही. पण माझ्या जोरावर मामींनी गणितं लिहिली, इतिहास लिहिला, एक शब्दकोशही लिहिला. तो उचलायला दोन माणसं लागतात.

पुढे मामांनी मला एडिटरच्या मूळ घरी पाठवलं, इतर फाइलींच्या रांगेत. तिथं सोर्स कोडमधून आपल्या संगणकासाठी एडिटर बांधायला कुणी आलं की दारात एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं पाळायच्या हुकमांची फाइल, बसलेली असते. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो, कारण ती येणाऱ्या प्रत्येक संगणकाची उलटतपासणी घेते. घड्याळ आहे का? फाइल बंद केली की बंद होते का? बेरीज येते का? अहो, संगणकाला विचारते, बेरीज येते का! पण उत्तरं मिळाली की ती बरोबर त्या त्या घराण्याच्या फाइलीला हाक मारते. मलाही मारायची. "हो बाई, इथं पडदा नाही," मी सांगायची आणि ती पुढे जायची. मान होता मला. एकदा तर कुणीतरी मला 'नेटकी' म्हटलं होतं. तेवढ्यावर मी वर्षानुवर्षं काढली.

मग एडिटरच्या त्या घराचा कारभार मामांच्या भाचीकडे आणि भाच्याकडे आला. भाची मोठी, शांत, कामसू. भाचा धाकटा. त्याला सगळे झाडू म्हणतात, आणि त्याला ते कौतुक वाटतं. कोडमध्ये भर घालणारे पुष्कळ, पण कमी करणारा मीच, असं तो सांगत फिरतो. एकदा त्यानं चाळीसेक फाइली काढल्या आणि त्या आनंदात स्वतःच्या टेबलाचा खणही काढला. त्यात ताईच्या कपाटाची किल्ली होती.

असा हा झाडू एके दिवशी माझ्यापाशी आला. पहिली ओळ वाचली आणि खुर्चीतच मागे कलंडला.

"ताई, हे ऐक. 'या यंत्राला पडदा नाही.' पडदा नसलेल्या संगणकावर एडिटर! उद्या पाणी नसलेल्या विहिरीसाठी पोहरा ठेवशील!"

"कुणी लिहिलंय?" भाचीनं विचारलं.

"नाव नाही. असेल कुणीतरी येडं."

येडं! मित्रांनो, तो ज्या खुर्चीत बसून हे बोलला, तिचा मोडलेला पाय त्याच येड्यानं दुरुस्त केला होता. सख्खा मामा! पण मामांनी माझ्यावर नाव घातलं नव्हतं. फाइलीवर कसलं नाव घालायचं, स्टुलावर घालतो का, असं त्यांचं म्हणणं.

"आधी विचार सगळ्यांना," भाची म्हणाली. "मग काढ."

आणि त्यानं विचारलं बरं का! रीतच आहे त्या लोकांची. एडिटरच्या वेबसाइटवर त्यानं सूचना लावली: 'ही फाइल कुणी वापरतं का? हरकत असल्यास कळवा. कुणी बोललं नाही, तर काढून टाकू.' कुणी बोललं नाही. कसं बोलेल? छापखान्यातलं ते यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही. म्हणजे बघा, ज्या यंत्राला पडदा नाही, त्याच्या मालकिणीला यांनी पडद्यावर सूचना लावून विचारलं. आणि ती गप्प राहिली म्हणून तिची संमती धरली! नवस न बोलता फेडून घेण्यातला प्रकार.

मला काढलं. आमच्यात पुसलेलं पार नाहीसं होत नाही, ते जुन्या नोंदींमध्ये तळाला जाऊन पडतं. तिथं मी पडले. शेजारी एक फाइल होती, ज्या कंपनीसाठी तिला लिहिलं ती कंपनी यंत्र बनवायच्या आधीच बुडालेली. तिला रागसुद्धा येत नव्हता. मी मात्र रोज नेमानं रागावायची. पुढे काय घडलं, ते मला वर आल्यावर कळलं.

छापखान्यातल्या संगणकाची डिस्क गेली. मामी तेव्हा विज्ञानाचं पुस्तक लिहीत होत्या, अंध मुलांच्या शाळेसाठी. झाडाचा धडा चालला होता. मुळांची पानं उमटून शाळेत पोचली होती, खोड आणि पानं बाकी होती. मामांनी नवी डिस्क बसवली, जुन्या टेपवरून सिस्टीम चढवली. एडिटरची जुनी प्रत मात्र डिस्कबरोबरच गेली होती. त्यांनी भाचीकडून नवा सोर्स कोड मागवून घेतला आणि बांधायला घेतला. आत्याबाईनं नेहमीप्रमाणे चौकशी केली. घड्याळ आहे, बेरीज येते, सगळं झालं. मग तिनं मला हाक मारली. मी कुठे होते? आत्याबाईनं पट्टीवर एवढंच उमटवलं: 'ही यंत्रणा आमच्या ओळखीची नाही.' आणि ती थांबली.

मामींनी ती ओळ दोनदा वाचली.

"अहो, हे आपल्याला ओळखत नाही म्हणतंय."

"बघू पुन्हा," मामा म्हणाले. पुन्हाही ओळखलं नाही.

छापखान्याचे साहेब आले. ते मनानं वाईट नाहीत, पण त्यांना जागा मोकळी दिसली की बरं वाटतं. ते म्हणाले, "मामी, आता हे यंत्र भंगारात देऊ. तुम्हाला फोनवर बसवतो. आरामाचं काम आहे."

"आणि झाडाचं काय?"

"कुठल्या झाडाचं?"

"अहो साहेब, पोरांच्या हातात नुसती मुळं आहेत. वर काय येतं ते त्यांना कोण सांगणार? मी फोनवरून सांगू?"

साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मामांनी भाचीला फोन लावला. भाचीनं ऐकून घेतलं आणि फोन न ठेवताच ओरडली, "झाडू! इकडे ये! तू मामीला काढून टाकलंयस!"

तिनं मला तळातून वर काढलं. झाडू मला घेऊन छापखान्यात आला, आणि येताना, खोटं वाटेल तुम्हाला, काखेत एक नवा कोरा पडदा घेऊन आला.

"मामी, हा घे. आता काही अडचणच नको."

मामींनी पडद्यावरून हात फिरवला. गुळगुळीत, सपाट, एकही अक्षर नाही.

"छान आहे रे. पण कोराच दिसतोय."

झाडूचे कान लाल झाले.

"असू दे. त्या दाराला टेकव. वाऱ्यानं सारखं आपटतं."

पडदा दाराला लागला. एवढा उपयोगी पडदा मी आयुष्यात पाहिला नाही.

मग झाडूनं मला जागेवर बसवलं आणि आत्याबाईला बोलावलं. तिनं हाक मारली, मी ओ दिली. एडिटर बांधून झाला! मामा टाळी वाजवणार तोच मामी म्हणाल्या, "थांबा. मी 'खोड' लिहिलं, पण खुंट्यांवर 'सर्व ठीक आहे' असं येतंय."

त्यांनी 'फांदी' लिहिलं. खुंट्या म्हणाल्या, 'सर्व ठीक आहे.' त्यांनी 'काहीही ठीक नाही' असं लिहून पाहिलं. उत्तर तेच.

"याला साहेबांनी शिकवलंय का रे?"

मी तळाला पडलेली असताना एडिटर बदलला होता. खालची एक ओळ त्यानं स्वतःच्या खुशालीसाठी राखून ठेवली होती. मोठ्या पडद्यावर एका ओळीनं काय बिघडतं? पण इथं उंचीच एक ओळ. ती खुशालीनं खाल्ली आणि लिहायला जागाच उरली नाही. आणि मी एकटी काय करणार होते? मी माझ्या काळातलं सांगत होते आणि एडिटर त्याच्या काळातलं ऐकत होता.

झाडू सवयीनं समोर बघत होता. समोर भिंत होती.

"तिकडे काय बघतोस?" मामी म्हणाल्या. "इकडे हात दे."

त्यांनी त्याची बोटं पट्टीवर ठेवली आणि लिहायला लागल्या. खुंट्या खालून टोचत वर आल्या, खाली गेल्या, पुन्हा वर आल्या.

"काय लिहिलंय सांग."

"मला नाही वाचता येत, मामी."

"मग तुझ्या उपयोगाचं नाही म्हणायचं हे. काढून टाकूया?"

मामा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले, आणि बाहेर जाऊन हसले. मामींनी झाडूचा हात मात्र सोडला नव्हता. "अरे, चिडले नाही मी. तू विचारलंस, पण जिथं मी नाही तिथं जाऊन विचारलंस. आता इथं आहे. बस आणि विचार."

मग तो बसला. खुशालीची ओळ कधी हवी? मागितली तरच. ओळ पट्टीपेक्षा लांब झाली तर कुठे तोडायची? शब्द संपल्यावर, मध्येच नाही. खोडलेलं अक्षर कसं कळतं? खुंटी खाली जाते तेव्हा बोटाला कळतं, फक्त घाई करू नये. एकेक उत्तर त्यानं माझ्यात उतरवलं. मी फुगले, नेटकी राहिले नाही. नेटकेपणा गेला खड्ड्यात. पट्टीवर 'खोड' उमटलं तेव्हा मामींनी "हं" म्हटलं आणि त्याच दमात पुढचं वाक्य लिहायला घेतलं. मुदत संपायच्या आत झाडाला पानं फुटली. दगड फोडल्यासारखा आवाज करत ती कागदावर उमटली आणि शाळेत गेली. यंत्र भंगारात गेलं नाही. साहेब आता दुसरी मोकळी जागा शोधतात.

मित्रांनो, माझा राग गेला असं समजू नका. तुमच्याही घरात, शाळेत, संगणकात कितीतरी गोष्टी अशा दिसतील की त्या कशाला ठेवल्यात, हे तुम्हाला कळणार नाही. काढायच्या तर खुशाल काढा; अडगळ मलाही आवडत नाही. पण आधी ती कुणाची आहे ते शोधा. नुसती भिंतीवर सूचना लावून मोकळे होऊ नका. त्या माणसाच्या दारात जा, आणि ते बोलेपर्यंत थांबा.

झाडूनं निघण्यापूर्वी माझ्या पहिल्या ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहिली. एडिटर ती वाचत नाही, आत्याबाईही वाचत नाही. ती फक्त पुढे येणाऱ्या माणसासाठी आहे. 'या फाइलीला हात लावण्यापूर्वी छापखान्यात जाऊन मामींना विचारावं. फोन चालणार नाही. फोनवर बसायला त्यांनी नकार दिला आहे.'