न चाखलेली आंबील

दोन हजार बावीस साली येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, दोनदा आली. एक जानेवारीच्या दोन तारखेला आणि दुसरी डिसेंबरच्या तेवीसला. कॅलेंडर छापणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नसेल, पण कोंगळवाडीच्या बायकांच्या ते चांगलं लक्षात राहिलं. एका सालात दोनदा भज्जीच्या शेंगा सोलायच्या, दोनदा बाजरीचे उंडे वळायचे, दोनदा सगळा संसार डोक्यावर घेऊन शेताला जायचं म्हणजे काही गंमत नव्हे. ही हकीकत दुसऱ्या येळवशीची.

कोंगळवाडी हुलसूरच्या पलीकडं, कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी चिकटून. कलाबाईचं सासर तिथलं. घराणं मोठं, पण येळवशीला सगळी चुलत-मालत मंडळी एकाच शेतात जमत. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी राही, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड बसत. ते पांडव. भज्जी, खीर, उंडे कुणीही करावेत. आंबील मात्र घराण्यातली एकच बाई करी. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-कोथिंबीर घालून शिजवलेली ती पातळ आंबील आधी पांडवांना दाखवायची, मग शेताच्या चारी कोपऱ्यांत शिंपडायची आणि मग माणसांनी प्यायची. जी बाई ती करी, तीच आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चाले. मागं बाया, त्यांच्या मागं पुरुष. बाळंतपणाचं एक साल सोडलं तर अडतीस वर्षं ती पुढची बाई कलाबाई होती.

हा मान तिला सासूनं, मल्लम्मानं दिला होता. देताना एकच अट घातली. पांडवांच्या आधी आंबिलीचा थेंब जिभेला लागता कामा नये. "चाकलीस की तोंड येतंय बग. फोडच फोड. लपवू म्हणलं तर लपत न्हाई," असं म्हणून मल्लम्मानं डोळे असे मोठे केले होते की नव्या सुनेला तेव्हाच जिभेवर काहीतरी टोचल्यासारखं झालं.

आणि कलाबाईनं पहिल्याच वर्षी आंबील चाखली.

काय करणार? मीठ बेताचं पडलं की नाही, आंबट किती चढलं, हे नुसतं भांड्याकडं बघून कळतं होय? तिनं दाराकडं पाठ केली, करंगळी बुडवली आणि चाटली. मग आठ दिवस रोज आरशात जीभ काढून बघितली. काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा चाखली. पुढं तर दोनदा चाखायची, एकदा मिठासाठी आणि एकदा नुसती बरी लागते म्हणून. पांडवांची आपल्यावर मर्जी आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. हुमनाबादेहून पाहुणे केवळ तिची आंबील प्यायला येत. "कलाबाईच्या हाताला देवानं चव दिलीया," असं म्हणत. हाताला नव्हे, करंगळीला, असं तिच्या ओठांवर येई आणि ती ते गिळून टाकी.

त्या डिसेंबरात मात्र येळवस आठ दिवसांवर आली आणि कलाबाईचं तोंड आलं.

एक फोड खालच्या ओठाच्या आत, एक हिरडीला आणि तिसरा जिभेच्या कडेला. मधे पांढरे, भोवती लालभडक. गंमत अशी की आंबिलीचं पीठ अजून भिजलंही नव्हतं. चूक व्हायच्या आधीच शिक्षा! पण हे सांगायचं कुणाला? तोंड आलेलं दिसलं असतं, की घराण्यानं अडतीस वर्षांचा हिशेब एका दमात केला असता. आणि बिंदगी गेली असती धाकट्या जावेकडं.

धाकटी जाऊ म्हणजे सिद्धव्वा. माहेर आळंदकडचं, बोलणं अर्धं कानडी, नजर पूर्ण घारीची. तीस वर्षं ती बिंदगीकडं बघत होती.

कलाबाईनं मग बोलणंच कमी केलं. बोलताना जीभ दाताला घासली की डोळ्यांत पाणी येई. जाईचा पाला चावून झाला, गाईचं तूप लावून झालं. शेवटी तुरटीचा खडा फोडावर टेकवला, तेव्हा ती न्हाणीत अशी नाचली की बाहेर बांधलेली शेळी दावं तोडायला लागली. तिचा नवरा अंबाजी बिचारा घाबरला. अडतीस वर्षांची सवय होती त्याला, बायको बोलत नाही म्हणजे आपलं काहीतरी चुकलं.

"कामून गप गप हायस गं? मी काय केलाव?"

कलाबाईनं नुसती मान हलवली.

अंबाजीला त्या मान हलवण्यात सगळी जुनी पापं दिसली. त्यानं न सांगता माळवद झाडलं, पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी हुलसूरच्या बाजारातून एक हिरवी साडी आणली. कलाबाईला वाटलं, तोंड येणं अगदीच वाईट नाही.

येळवशीच्या चार दिवस आधी पंचशीला आली. भीमनगरातली पंचशीला गावची आशा कार्यकर्ती. कलाबाईची सून, म्हणजे मुलगा शिवराज याची बायको सुधारानी, बाळंत होऊन दीड महिना झाला होता. बाळाचं वजन करायला ती आली होती. तेवढ्यात सिद्धव्वाही आली. चार दिवसांच्या तापातून उठलेली, आणि वरच्या ओठाच्या कडेला पाण्यानं भरलेल्या फोडांचा घोस. तिला त्याची काडीची लाज दिसत नव्हती.

"जर फुटलाय," ती मिरवत म्हणाली. "ताप सगळा भाईर पडला. बरं झालं. आण गं सुधा, बाळाचा एक मुका तरी घेते."

"थांबा काकू!" पंचशीला मधे आडवी आली. "मुका न्हाई घ्यायचा."

"अय्यो देवरे! माझ्या नातवाचा मुका घ्यायला सरकारची परवानगी लागतीया आता?"

"लागतीया. तापानं उठलाय हे खरं, पण ओठावरचा फोड एकाचा दुसऱ्याला लागतोय. मोठ्या माणसाला चार दिवस आग होऊन जातंय, पण इवल्या बाळाला लई जड जातंय. खपली पडून जागा कोरी होईपर्यंत मुका न्हाई, तुमचा गिलास येगळा, टॉवेल येगळा. फोडाला हात लागला तर साबणानं धुवायचा. आन तो कुरतडायचा न्हाई."

सिद्धव्वाचा कुरतडणारा हात जागीच थांबला. "म्हंजे मी वाळीत?"

"फोड वाळीत. तुमी न्हाई."

सिद्धव्वा फणकारली, पण मागं सरकली. सरकताना तिची नजर कलाबाईवर पडली. एवढं सगळं झालं आणि थोरली जाऊ एक शब्द बोलली नव्हती. कलाबाई आणि असल्या वेळी गप्प? घारीचे डोळे बारीक झाले.

ती घरी गेली आणि पाचच मिनिटांत वाटी घेऊन परत आली. "अक्का, हिरव्या चिंचेचा ठेचा केलाव. मिरच्या जरा जादा पडल्यात. तुमी सांगा कसा झालाय ते."

वाटी समोर, सिद्धव्वा समोर. कलाबाईनं बोटभर ठेचा उचलला, तोंडात घातला आणि गिळला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. नाक लाल झालं. कान तापले.

"काय झालं, अक्का?"

"आय आटवली," कलाबाई कशीबशी म्हणाली. "आय... असाच... करायची."

सिद्धव्वा गेल्यावर ती गोठ्यात जाऊन गव्हाणीला धरून उभी राहिली. पाठोपाठ पंचशीला आली.

"मावशी, आ करा."

"काय न्हाई गं मला."

"आ करा म्हणलं की."

कलाबाईनं आ केला. पंचशीलानं मोबाईलचा उजेड आत टाकला. "हे बगा. हे काकूसारखं न्हाई. काकूचे फोड भाईर, पाण्याचे. तुमचे आत, पांढरे. हे कुणालाच लागत न्हाईत. तुमची दाढ फुटलीया, तिची धार जिभेला घासायलीय. वर मिसरी, वर तिखट, वर तुमचा घोर. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चारदा गुळण्या करा. तिखट-आंबट बंद, मिसरी बंद. दोन आठवड्यांत गेलं न्हाई तर दवाखाना, आन दाढ तर दाखवायचीच."

"आंबील चाकल्यानं येतंय का गं हे?" कलाबाईनं हळूच विचारलं.

"काय बी काय! पण आत्ता चाकू नका, झोंबंल." मग तिच्या तोंडाकडं बघून पंचशीला हसायला लागली. "मावशी! तुमी चाकता?"

"कुणाला सांगशील तर बग."

"मला काय करायचंय? पण मी म्हणते, सांगून टाका की. कामून एवढा घोर घेताव?"

"तुझं बरं हाय. तुला बिंदगी उचलायची न्हाई."

येळवशीच्या पहाटे आंबील शिजली. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच कलाबाईनं करंगळी बुडवली नाही. एक तर झोंबलं असतं, आणि खरं सांगायचं तर या खेपेला ती थोडी भ्यालीही होती. तिनं वास घेतला, वाफेत तोंड धरलं, पळीनं धार सोडून बघितली. मीठ टाकलं. मग बाळ रडलं म्हणून उठली, परत आली, आणि मीठ टाकलं की नाही ते आठवेना. दुसऱ्या कुणाला चाखायला सांगावं, तर विचारायचं काय म्हणून? तिनं पुन्हा टाकलं.

बिंदगी डोक्यावर घेऊन ती पुढं चालली. नवी हिरवी साडी आणि ताठ मान. कोपीत पूजा झाली. घराण्यातले सगळ्यांत वडील, ब्याऐंशी वर्षांचे नागप्पा आजा, यांनी पांडवांना नैवेद्य दाखवला. आंबील शिंपडून झाली. पंचशीलालाही जेवायला बोलावलं होतं. तिनं सिद्धव्वाचा ग्लास वेगळा ठेवला आणि वाढपही स्वतः हातात घेतलं. सगळ्यांनी ग्लास तोंडाला लावले.

पहिल्या घोटालाच बरेच ग्लास खाली आले.

"मस्त झालीया," अंबाजी म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

सिद्धव्वानं घोट घेतला आणि किंचाळली. मीठ फोडाला लागलं होतं. ओठ धरून ती उभी राहिली. "ही आंबील हाय का लोणच्याचा खार? आजा, मी सांगते काय झालंय ते. अक्काचं तोंड आलंय. आठ दिवस झाले, बोलत न्हाईत, जेवत न्हाईत. आ करायला सांगा त्यांना. नैवेद्याच्या आधी चाकलीया त्यांनी!"

पन्नास माणसं कलाबाईकडं बघायला लागली. तिनं आ केला. पुढच्या रांगेतल्या बायांनी वाकून बघितलं आणि "आगं बया" म्हणाल्या.

नागप्पा आजानं मात्र ग्लासात पुन्हा एकदा जीभ बुडवली, चेहरा वेडावाकडा केला आणि बोट वर केलं. "थांबा रे. चाकली असती तर एवढी खारट कशाला ऱ्हायली असती? चाकली न्हाई, मनूनच बिगडली. कला निर्दोष हाय. सिद्धव्वा, तू बस खाली."

सगळ्यांना ते पटलं. बाया मागं सरल्या. सिद्धव्वाचा चेहरा उतरला. कलाबाईची बिंदगी वाचली होती. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं, आणि तोंड मिटलेलंच तिला बरं वाटत होतं.

पण सुधारानी भोळी. बाळाला थोपटता थोपटता ती म्हणाली, "मग आत्या, आजवर दर वर्षी बरोब्बर कशी काय व्हायची?"

कलाबाईनं सुनेकडं बघितलं. मग त्या पाच दगडांकडं बघितलं. त्यांच्यासमोरही तीच खारट आंबील होती आणि त्यांना तर ठसकताही येत नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं, फोड ताणून दुखले तरी थांबेना.

"चाकायचे की मी," ती म्हणाली. "अडतीस वर्षं चाकली. दोन दोन डाव चाकली. एक फोड आला न्हाई. औंदा चाकली न्हाई, आन तीन आले!"

कुणाला हसावं की रागवावं कळेना. नागप्पा आजाचं बोट अजून वरच होतं.

"आयला!" अंबाजी म्हणाला. "म्हंजे तू माझ्यावर रुसली नव्हतीस? साडी आणली की मी!"

तिथं हशा फुटला आणि पन्नास माणसांत पसरला. त्या हशातच सिद्धव्वा पुढं सरकली. मग ओठ धरूनच म्हणाली, "शिवराजच्या येळी तुमी बाळंतीण होताव अक्का, तवा एक साल मी केल्ती. मी बी चाकल्ती. लई वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई."

"मग मघाशी माझं तोंड कामून उघडाय लावलंस गं, भवाने?"

"मला फोड आला मनून भ्याले की! उशिरानं आला का काय, वाटलं. कुणी माझ्याकडं बघायच्या आधी तुमच्याकडं बोट केलं. आता पंचशीला म्हणतीया, तापानं येतोय."

"तेच म्हणायले मी चार दिवस," पंचशीला म्हणाली. "आन मावशी, मिठाच्या गुळण्या सांगितल्या होत्या मी. सगळ्या घराण्याला करायला लावल्याव तुमी."

आजानं शेवटी बोट खाली घेतलं. बराच विचार करून त्यांनी सांगितलं की पांडव पाहुणे आहेत, आणि पाहुण्याला खारट पाजणं हे चाखण्यापेक्षा वाईट. पुढच्या सालापासून चाखायचं. पण दोघींनी चाखायचं, म्हणजे एकीचं तोंड आलं तर दुसरीचं शाबूत राहील. बिंदगी एक साल थोरलीनं न्यायची, एक साल धाकटीनं. ताक मागवून आंबील पातळ करण्यात आली. तरी ती खारटच राहिली, पण सगळ्यांनी दोन दोन ग्लास प्यायले.

कलाबाईचे फोड दहा दिवसांत गेले. दाढेची धार हुमनाबादेत दातांच्या डॉक्टरानं घासून दिली. मिसरी तिनं सोडली, निदान अंबाजीसमोर तरी. सिद्धव्वाची खपली संक्रांतीच्या आधी पडली आणि तिनं बाळाचे पंधरा मुके एका बैठकीत घेतले. हिवाळ्यात ताप आला की तिला अजून ओठावर फोड येतात, पण आता ती स्वतःच ग्लास वेगळा काढते आणि दुसऱ्यांनाही दटावते. नागप्पा आजा पुढच्या येळवशीला होते, त्याच्या पुढच्या येळवशीला नव्हते. सुधारानीनं गावातच शिवणकाम सुरू केलं. बाळ अंगणवाडीत जातं. पंचशीलानं नर्सिंगची परीक्षा दिली, पास झाली, आणि आता बीदरला असते. येळवशीला सुट्टी मिळाली तर येते. अंबाजी मात्र बायको तासभर बोलली नाही, की आजही आधी माळवद झाडायला घेतो.