निळ्या दोऱ्याचा ब्रश

धाकटीला जुळी झाली, त्याच वर्षी अप्पांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. जुळी बघून आल्यावर अप्पा हट्टालाच पेटले होते. "दोन नातवंडं, आणि मला दिसतं एकच धुरकट गाठोडं. काढून टाका एकदाचं!" ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरांनी बजावलं की आठ दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये. म्हणजे आठ दिवस दाढी बंद.

थोरलीनं तेवढ्यात डाव साधला. अप्पा तिच्याकडेच राहायचे, आणि त्यांचा दाढीचा ब्रश बरेच दिवस तिच्या डोळ्यात खुपत होता. लाकडी मूठ, लाल रंग उडालेला, केसांच्या मधोमध टक्कल, बुडाशी साबणाची खपली. अप्पा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "लग्नातला ब्रश आहे हा. आजवर एक केस गळलेला नाही." सांगताना त्यांच्या गालावर त्याच ब्रशाचे दोन केस चिकटलेले असायचे.

तिनं मगात उकळतं पाणी ओतलं, धुण्याचा सोडा टाकला, ब्रश त्यात उभा केला आणि भाजी निवडायला बसली. परत येऊन बघते तर मूठ हातात आली आणि केसांचा झुबका मगातच राहिला. दुधाचा दात पडावा तसा.

आई गेली तेव्हा अप्पांनी दीड महिना दाढी केली नव्हती. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाहीतर खिडकीशी बसून राहायचे. मग एका सकाळी मगाच्या काठावर ब्रश आपटल्याची टकटक ऐकू आली, आणि ती हातातलं भांडं तसंच धरून रडली होती. तेव्हापासून ती टकटक झाली की तिचा दिवस सुरू व्हायचा. अप्पा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले तर?

"दुकानातून नवा आण की," नवरा म्हणाला.

"अहो, ती मूठ ते डोळे मिटून ओळखतात."

"आणि आता तर डोळाही नवा! तू गेलीस कामातून."

थोरली छापखान्यात पुस्तकं बांधायची. तिच्या हाताला सरस ठाऊक, म्हणून तिनं सरस लावूनच झुबका पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धरून बघितला, तर पुन्हा मूठ वेगळी आणि केस वेगळे. रोज सरस उकळणाऱ्या बाईला सरस पाण्यात सुटतो हे सुचू नये!

"पुस्तकांना कुणी आंघोळ घालत नाही, म्हणून तुझी नोकरी टिकली," नवरा म्हणाला.

तिकडे अप्पा रोज विचारत होते. "माझा ब्रश कुठाय गं?"

"धुऊन वाळत घातलाय."

"चार दिवस? ब्रश आहे का रजई?"

जुन्या झुबक्यात तसाही राम उरला नव्हता. तिनं दुकानातून एक साधा ब्रश आणला आणि त्याचे केस मुळासकट उपटून काढले. तो झुबका बारीक निघाला, मुठीच्या भोकात डुगडुगायला लागला. जुना झुबका तिथं घट्ट कसा बसला होता, ते बघायला तिनं त्याच्या बुडावरची काळी लाख चाकूनं खरवडली.

आत निळा दोरा होता.

आई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात बटणं लावायची. हाच दोरा. तीन वेढे, एकावर एक दोन गाठी, टोक आत दडवलेलं. थोरलीच्या शाळेच्या कपड्यांचं बटण कधी तुटलं नाही ते ह्याच गाठीमुळं. म्हणजे लग्नातल्या ब्रशाचे केस आईनं कधीच बदलले होते. तिलाही बारीक झुबकाच मिळाला होता, आणि तिनंही तो दोऱ्यानं जाड केला होता. कुणाला पत्ता न लागू देता.

थोरली एकटीच हसत बसली. मग आईच्या बटणांच्या डब्यातून निळं रीळ काढलं. गाठ जमायला तीन वेळा सोडावी लागली. ह्या वेळी सरस नको म्हणून नळवाले वापरतात तो दोन ट्यूबांचा गोंद आणला आणि ब्रश दोन दिवस कपाटावर वाळवला.

नवव्या दिवशी अप्पा आरशासमोर बसले. नाकावर काळा चष्मा, गालांवर पांढरं कुरण. थोरली दारामागं उभी. टकटक होईना.

"इकडे ये," अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ब्रश उजेडात धरला होता. "तुझ्या आईनं दोरा पुरता आत घेतला होता. तुझा एक वेढा बाहेर राहिलाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, नवे केस आठ दिवस टोचतात. गाल माझा, मला कळणार नाही? तिला वाटलं, ह्यांना काही समजलं नाही. मी वाटू दिलं. मुद्दाम तिच्यासमोर सगळ्यांना सांगायचो, एक केस गळला नाही म्हणून. ती तोंड फिरवून हसायची. तेवढ्यासाठी तर सांगायचो."

"मग आता हा?"

अप्पांनी फेसाचा ब्रश गालावर फिरवला. "टोचतोय मेला," ते म्हणाले. "टोचू दे."

आणि मगाच्या काठावर ब्रश आपटला. टकटक.

संध्याकाळी जुळ्यांना घेऊन धाकटी आणि तिचा नवरा आले. अप्पांनी दोघांना दोन मांड्यांवर बसवलं, नीट निरखून बघितलं आणि धाकटीच्या नवऱ्याला सांगितलं, "लग्नातला ब्रश आहे माझा. आजवर एक केस गळलेला नाही." थोरलीनं तोंड फिरवलं.

अप्पा गेले ते जुळी चौथीत असताना, वार्षिक परीक्षा संपली त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, दाढी करून झाल्यावर.