कॅमेऱ्यातली साळूबाई

मारुतीच्या देवळापुढं एवढी गर्दी आमच्या वाडीत निवडणुकीलाही झाली नव्हती. टीव्हीवर माझी मेलेली बायको दिसणार होती.

दिसणार म्हणजे पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात. किरणनाथ महाराजांकडं नवा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा होता. तो होमाला खेटून तिपाईवर उभा असायचा, वायर टीव्हीला जोडलेली. भजन लांबत गेलं की पडद्यावर, मधोमध जरा वर, ठिपका उजळायचा.

"आत्मा तापल्याखेरीज प्रकटत नाही," महाराज म्हणायचे. "आणि जुन्या कॅमेऱ्यात तो मावत नाही."

"व्हय, व्हय," म्हणत शेजारची भामाबाई पदर पसरायची.

मीही आधीच्या गुरुवारी त्या ठिपक्याशी बोललो होतो. म्हशीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. साळूबाईनं जन्मात माझं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

या गुरुवारी महाराजांनी तिची शेवटची इच्छा सांगितली. आमच्या मुलीनं, क्रांतीनं, सांगलीचं नर्सिंग सोडून मठात सेवेला यावं. सगळे माझ्याकडं बघू लागले.

क्रांतीच उठली. "आईला समोर आमच्या दारात बांधलेली म्हस तरी बघू द्या. कॅमेरा तिकडं फिरवा."

शिष्यानं खुशीनं फिरवला. ठिपका म्हशीच्या पाठीवर. देवळाकडं फिरवला, ठिपका कळसावर. महाराजांकडं फिरवला.

"आवं, वैनी म्हाराजांच्या नाकावर बसली!" माझा दोस्त आकाराम ओरडला.

"आत्मा सर्वव्यापी आहे," महाराज म्हणाले.

"कुठला सर्वव्यापी? पडद्यावर जागासुदिक सोडंना!" असं म्हणून क्रांतीनं कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण लावलं. पडदा काळा झाला. ठिपका मात्र होता तिथंच, आणखी झगझगीत.

शिष्य कॅमेरा घ्यायला धावला. मी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे रं. बघू दे तिला."

"आबा, आमच्या कॉलेजच्या कॅमेऱ्याला हेच झालं होतं," ती म्हणाली. "भिंगामागं एक बारकी पट्टी असती. तिच्यावर लाखो कण. ज्याच्यावर जेवढा उजेड पडंल, तेवढा त्यानं सांगायचा. एखादा कण बिघडला की अंधारातबी उजेड हाय म्हणून सांगतो. कॅमेरा तापला की जास्तच. म्हणून तर होमाला खेटून ठेवलाय."

तिनं कॅमेरा बंद करून देवळातल्या पंख्यापुढं धरला. पार गार झाल्यावर चालू केला. ठिपका नव्हता.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. साळूबाई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.

"आत्मा रागावला!" महाराज गरजले.

"मग पुन्यांदा शेकूया की, राग जाईल," म्हणत आकारामानं कॅमेरा निखाऱ्यांजवळ नेला. हळूहळू ठिपका परत आला. भामाबाईसुद्धा हसली. महाराज चपला शोधू लागले.

क्रांती सोमवारी सांगलीला गेली.

गेलेलं माणूस पुन्हा दिसावं, असं कुणाला वाटत नाही? म्हणूनच सांगतो. रडा, पोटभर रडा. पण त्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला म्हणा, बाजूला हो, मला तपासू दे. खरं असेल ते तपासल्यानं मरत नाही. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपली पोर देऊ नका.