दूर्वांची जुडी

शरयूताईंना अमेरिकेत लेकीकडे येऊन बरेच दिवस झाले होते आणि त्यांच्या हातून धड एक काम झालं नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं. जरा ओट्यापाशी उभं राहिलं की उत्तरा म्हणायची, "आई, तू बस ना, आराम कर." माणसाने किती म्हणून आराम करायचा? नागपूरला असताना याच लेकीला त्या उठताबसता फैलावर घ्यायच्या आणि तीही काही ऐकून घेणारी नव्हती. आता ॲन आर्बरमध्ये दोघी एकमेकींशी बेतानं बोलत होत्या.

उत्तराचं सगळं लक्ष तिच्या संशोधनाच्या गवतात. कोलोरॅडोच्या उंच डोंगरावर, जिथे झाडंसुद्धा हात टेकतात, तिथे जमिनीला बिलगून वाढणारं हे बोटभर गवत. त्याचा ठोंब तळहाताएवढा व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि ट्रेकवाल्यांच्या बुटांखाली तो एका हंगामात संपतो. उत्तरा ज्या उतारावर काम करायची, तो तर अख्खा दरडीखाली गेला. आधी जमवलेल्या चिमूटभर बियांची तिने रोपं केली होती. येत्या उन्हाळ्यात ती शेजारच्या उतारावर लावायची होती. त्या जागेचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं. लॅबचं बांधकाम निघालं म्हणून रोपांचे ट्रे घरी, मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर आले. "त्या ट्रेंना पाणी घालू नकोस हं," एवढंच तिने आईला सांगितलं. जास्त पाण्याने मुळं कुजतात, हे सांगायचं राहून गेलं.

शरयूताईंनी फोटोत पाहिलेलं लेकीचं गवत करडं होतं, खडकाला लिंपल्यासारखं. डेकवरचं हिरवंगार आणि सरळ. सखल जागी तेच गवत असं उंच होतं, हे त्यांना कुठून कळणार? ज्याला पाणीसुद्धा घालायचं नाही ते टाकाऊच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

२००७ची गणेश चतुर्थी शनिवारी आली. उत्तरा आणि जावई राजीव सकाळीच फुलं आणायला गेले. दूर्वांचं काय, ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. गवत गल्लीभर पसरलेलं, पण प्रत्येक लॉनवर औषध मारल्याची पिवळी झेंडी. ते विष देवाला वाहायचं? शरयूताई डेकवर आल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कोवळी, तीन-तीन पात्यांची! खुडायला गेल्या तर रोपं मुळासकट हातात आली. त्यांनी मुळं तोडली, पाती धुतली आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. माती गुलाबाच्या आळ्यात टाकून ट्रेसुद्धा पुसून ठेवले. कितीतरी दिवसांनी त्या गुणगुणत होत्या.

उत्तरा आली ती गणपतीसमोर थबकली.

"आई, दूर्वा कुठून आणल्यास?"

"अगं, त्या मागच्या ट्रेमधल्या. वायाच चालल्या होत्या."

उत्तरा डेकचं दार उघडून बाहेर गेली, परत आली.

"ओह गॉड, उत्तरा..." राजीव म्हणाला. तिने त्याला हातानेच गप्प केलं.

"आरती करून घेऊ या," ती म्हणाली, आणि एक शब्द न चुकता तिने सगळी आरती म्हटली.

आरतीभर शरयूताई जावयाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडेच पाहत होत्या. आरतीनंतर त्यांनी विचारलं, "तेच होतं ना गं, तुझं गवत?"

"इट्स ओके, आई. मी परत ग्रो करेन."

"बिया आहेत?"

उत्तरा मान खाली घालून आरतीचं तबक आवरू लागली. शरयूताई तशाच गुलाबाकडे धावल्या आणि हातांनी माती उपसू लागल्या. हाती लागली ती केसासारखी बारीक, मऊ पडलेली मुळं. उत्तराने त्यांना हाताला धरून आत आणलं, त्यांचे हात धुतले, खुर्चीवर बसवलं.

"मला ओरड गं," शरयूताई म्हणाल्या. "चांगली खडसाव. एवढं तुझं वाटोळं केलं मी."

"कशाला ओरडू? तुला काय माहीत होतं? आणि तू आहेस किती दिवस इथे!"

हे ती अगदी प्रेमाने बोलली. शरयूताईंना मात्र कुणी दाराबाहेर उभं केल्यासारखं झालं.

मग उत्तरा वर गेली. बाथरूमचा नळ सुटला आणि नुसता वाहत राहिला. शरयूताई जिन्याशी जाऊन उभ्या राहिल्या. लहानपणी रडू आलं की ती धावत यायची ती त्यांच्याच पदरात. आता वर गेलेलं तिला चालेल का, हे त्यांना राजीवला विचारावं लागलं.