रुपयात किती खरं?

मी फकिरा. चिकलठाण्यात माझ्या बोलण्यावर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवत नाय. जायकवाडीत मी धरलेल्या माशाच्या पोटात एसटीचं तिकीट निघालं होतं. पैठणचं, तेही हाफ. आता बोला!

दवाखान्यातली फार्मासिस्ट सगीरा मात्र माझं सगळं ऐकायची. संसर्गाच्या रोगांवरच्या औषधांचं तिनं खास शिक्षण घेतलेलं. ऐकून झालं की विचारायची, "चाचा, रुपयात किती खरं?"

"चाराणे, बेटी."

माझ्या बायकोला, सारजाला, टीबी झालेला, साध्या औषधाला न जुमानणारा. डॉक्टरांबरोबर बसून सगीरानंच तिच्या गोळ्या ठरवल्या. अट एकच. दर सोमवारी रिकाम्या पट्ट्या परत आणून दाखवायच्या.

तिसऱ्या महिन्यात सारजा काळवंडली. सगीरानं आधीच सांगितलं होतं, औषधानं कातडीचा रंग बदलंल, औषध संपल्यावर हळूहळू पहिल्यासारखा होईल. पण सारजानं आरसा पालथा घातला. "असल्या तोंडानं मला जगायचं नाय. कुणाला सांगाल तर माझी शपथ हाय." कोणती गोळी काळं करती ते आम्हाला कळंना. मी सगळ्याच फोडून मोरीत सोडायला लागलो आणि रिकाम्या पट्ट्या दवाखान्यात नेऊन द्यायला लागलो.

"चाचीनं सगळ्या घेतल्या?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

गोळ्यांच्या बाबतीत मात्र रुपयाचं तिनं कधी विचारलं नाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सारजा गेली. दहाव्यानंतर सगीरा घरी आली. चहाला हातही लावला नाय.

"चाचा, मी हे काम सोडतेय. चाचीनं एक गोळी चुकवली नाय, तरी गेली. म्हणजे माझंच ठरवणं चुकलं. आता कुणाच्या औषधाला हात लावायची हिंमत होत नाय."

सारजाची शपथ मोडून मी सगळं सांगितलं. मोरी दाखवली. सगीरा ऐकत राहिली. मग डोळे पुसत कसंबसं हसली.

"रुपयात किती खरं, चाचा?"

"सोळा आणे, बेटी! सारजाची आण."

"मला बरं वाटावं म्हणून रचलंत ना? तुमच्यासारखं मन कुणाचं नाय." माझ्या पायाला हात लावून ती गेली.

सोमवारी मी दवाखान्यात गेलो. खिडकीत नवा माणूस होता, सुदर्शन नावाचा. त्याला म्हणालो, "सगीराला एवढा निरोप द्या. गोळ्या मी मोरीत टाकल्या."

तो हसला. "या बाबा, बसा. मॅडम सांगून गेल्यात, तुमच्या गोष्टी लई भारी असतात. ती माशाची सांगा की."