आईचं न धुतलेलं वस्त्र

"रगत! रगत आलं!" देवीच्या गाभाऱ्यातून आरोळी उठली आणि टेकावरची दोनेकशे माणसं एकदम पुढं सरकली. आटपाडीच्या पूर्वेकडच्या या धनगरवाडीत इतकी गर्दी निवडणुकीच्या सभेलाही होत नाही. बाळासो महाराजानं परातीवरचं ओलसर वस्त्र अलगद उचललं. शुक्रवारी नैवेद्याला ठेवलेल्या पांढऱ्या भातावर रविवारी सकाळी लालभडक, चकचकीत थेंब उभे होते.

"आई जागी हाय!" महाराज गरजला. "रंग मी टाकला म्हननाऱ्यानं पुढं यावं! दाराला कुलूप सरपंचाचं, किल्ली सरपंचाकडं. आता बोला की, शहाण्यांनो!"

शहाण्यांनी कुलपाकडं पाहिलं. कुलूप खरंच सरपंचांचं होतं आणि रंगही महाराजानं टाकला नव्हता. लबाडी लपवायला अर्ध्या खऱ्यासारखी जागा नाही.

गर्दीत उभी असलेली सोनम मात्र दोन पावलं मागं सरली. ती कराडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. भावाला मुलगा झाला म्हणून कालच घरी आली होती. हा लाल रंग तिनं प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पाहिला होता आणि त्या दिवशी मॅडमनी सगळ्या वर्गाला दोनदा हात धुवायला लावले होते.

तिची आई, भामाबाई, महाराजापुढं पदर पसरून उभी होती.

"नातू झालाय न्हवं? आज तिसरा दिस," महाराज म्हणाला. "मंगळवारी पाचवीला सांजच्याला येतो. हे आईचं रगत पोराच्या बेंबीला लावायचं. तवर ही चिंधी उशाला ठिवा." त्यानं वस्त्राची कड फाडून दिली. "धुवायची न्हाई बरं का! धुतली की आई निघून जाती."

धुण्याला घाबरणारी देवी सोनमनं पहिल्यांदाच पाहिली.

भामाबाई चिंधी घेऊन घरी पुढं गेली; सोनम वाटेत मनुबाईच्या दारात थांबली. दोन महिन्यांमागं तिचं बाळ गेलं होतं. बेंबी सुजली, लाल झाली, बाळ तापानं फणफणलं आणि अकराव्या दिवशी गेलं. तिनं नवस मनापासून केला नाही, म्हणून आईनं पोर ठेवून घेतलं, असं सगळी वाडी म्हणत होती. मनुबाईही तसंच समजून गप्प झाली होती.

"काकी, बेंबीला ते लावलं हुतं?" सोनमनं विचारलं.

"व्हय की. म्हाराजानं हातावर दिलं, मीच लावलं."

सोनमनं घराकडं चाल वाढवली. घरी येताच तिनं बाळाच्या उशाची चिंधी चिमट्यानं उचलली आणि झाकणाच्या बरणीत टाकली. भामाबाई कडाडली, "चार बुकं शिकलीस म्हून देवाशी खेळतीस व्हय गं?"

"आये, नाळ अजून गळली न्हाई. ती उघडी जखम हाय. त्या वस्त्रावर जंतू असत्याल तर सरळ रक्तात जात्याल."

"असत्याल तर!" भाऊ धुळा कोपऱ्यातून म्हणाला. दिवसभर मेंढरांमागं फिरून तो दमला होता आणि घाबरलाही होता. "उद्या पोराला काय झालं, तर सारी वाडी म्हनंल, धुळानं आईचा मान मोडला. मंग तू कराडला. आमी हितंच."

बोलणं खरं होतं. सोनमनं चिंधीची बरणी त्याच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "दादा, माझ्यावर इश्वास ठिवू नको. तूच करून बघ."

आणि धुळानंच केलं. त्यानं दोन स्टीलचे डबे पाण्यात खळाखळा उकळले. कुकरमध्ये शिजलेला भात उकळलेल्या चमच्यानं दोन्हींत सारखा घातला. चिंधीचे दोन तुकडे केले. एक तुकडा वाटीत पाणी घालून कुकरमध्ये पाऊण तास वाफवला, दुसरा तसाच ठेवला. वाफवलेला गार झाल्यावर एका भातावर टेकवला, तसाच ठेवलेला दुसऱ्यावर. दरवेळी चिमटा विस्तवात धरला. डबे माठाशेजारी गारव्याला ठेवले आणि वाफवलेल्या डब्यावर कोळशानं फुली मारली. हात मात्र सोनमनं त्याला कोपरापर्यंत धुवायला लावले.

सोमवारी दोन्ही डब्यांत काहीच नव्हतं. भामाबाईनं तोंडानं नाही, पण भांड्यांच्या आवाजानं आपलं म्हणणं ऐकवलं.

"वन्सं," बाळंतीण पल्लवीनं हळूच विचारलं, "काय झालंच न्हाई तर?"

"तर माझं चुकलं असंल. पर लावू देनार न्हाई."

पल्लवीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. सोनमला त्याच्याकडं बघवेना. आपण हरलो तर उद्या सांजेला याच घरात, सगळ्यांच्या देखत, हळदीकुंकू वाहून, ते त्याच्या बेंबीला लावलं जाईल, हे तिला ठाऊक होतं.

मंगळवारी दिवस कलताना महाराज आला. मागं अर्धी वाडी, पुढं परात, परातीत वस्त्रानं झाकलेला लाल भात. "हं, पोर आना!"

धुळा उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "आदी हे बगा." त्यानं दोन्ही झाकणं काढली.

फुलीच्या डब्यातला भात पांढरा होता. दुसऱ्यातल्या भातावर लाल थेंब उमटले होते.

लोकांत कुजबुज उठली. डगमगेल तर तो महाराज कसला! त्यानं दोन्ही हात आभाळाला लावले. "बगा, बगा! आई घरात आली!"

"मग शेजारच्या डब्यात का न्हाई आली?" सोनम पुढं झाली. "भात एक, चिंधी एक, घर एक. हा तुकडा दादानं कुकरात वाफवला, एवढाच फरक. वाफवल्यावर जी मरती ती देवी न्हाई, म्हाराज. ते जंतू हायत. बेंबीतनं आत शिरले तर पोर दगावंल."

"वाडीला बाटवती ही पोर!" महाराज ओरडला.

"एकेकटा जंतू डोळ्याला दिसत न्हाई. ओला भात आन् गारवा घावला की एकाचे दोन, दोनाचे चार व्हत्यात. कोटी कोटी झाले की हा लाल ठिपका दिसतो. वस्त्र धुयाचं न्हाई, म्हंजी जुन्या भातावरचे नव्या भातावर. कुलूप बाहेर, चोर वस्त्रात!" ती महाराजाकडं वळली. "आजच वस्त्र उकळू. परवा नैवेद्य लाल झाला तर मी सगळ्यांपुढं नाक घासीन."

"वस्त्र धुतलं की आई कोपती!"

"कोपू दे माझ्यावर," धुळा म्हणाला आणि त्यानं वस्त्राला हात घातला.

महाराजानं ते पोटाशी धरलं. आवाज बदलला, एकदम साधा झाला. "आवं, मी आष्ट्याला आचाऱ्याच्या हाताखाली हुतो. उरलेल्या भातावर असंच आलं, लोक पाया पडाया लागली. ज्या फडक्यानं झाकलं हुतं ते जपून ठिवलं. मला काय ठावं पोरं मरत्यात!"

गर्दी आपोआप दुभंगली. मनुबाई पुढं आली होती.

"म्हंजी माजं पोर आईनं न्हेलं न्हाई?" तिचा आवाज अगदी खाली होता. "माज्या हातानं..."

सोनमनं तिचा हात धरला. खोटं बोलणं सोपं होतं, पण या वाडीत ते पुष्कळ झालं होतं.

"खात्रीनं सांगता येत न्हाई, काकी. पर उघड्या जखमेला हे लावलं तर पोर दगावू शकतं. जंतू नवस बघत न्हाईत, मन बघत न्हाईत. वाट मिळाली की शिरत्यात. तुमच्या मनात खोट नव्हती. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई."

दोन महिने मनुबाईनं स्वतःचं मन खोटं मानलं होतं. मग ती गर्दीकडं वळली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"आता कुनाच्या घरात बाळंतपन हाय? हात वर करा. मी सवता येनार. बेंबीला काय लावू देनार न्हाई. सुजली तर दवाखाना. आन् चमत्कार झाला म्हनलं कुनी, तर आदी इचारनार, दोन डबे ठिवून बघितलंस का?"

पहिला हात भामाबाईचा वर झाला.